फुटाला एक सूत

रंधा मशीन बंद पडून आज अठरा दिवस.
टेबल वर-खाली करणारं दातेरी चाक
दोन तुकडे होऊन हातात आलं.
बीड आतून राखाडी, दाणेदार,
शिळी भाकरी मोडावी तसं मोडलेलं.

"कंपनी कुठली?" खैरनारांनी विचारलं.
पाटी रंगाच्या थरांखाली बुजलेली.
नखाने खरवडली तर दोन इंग्रजी अक्षरं निघाली
आणि एक साल, माझ्या बापाच्या जन्माआधीचं.
"म्हणजे ती कंपनी देवाघरी," म्हणत
त्यांनी व्हर्नियर शर्टाला पुसला.

अंबडच्या त्या शेडमध्ये
कुलंटच्या वासात चहासुद्धा हिरवट लागतो.
तुकडे जुळवून आम्ही दाते मोजले. तीनदा.
सदतीस.
"छत्तीस नाही, चाळीस नाही, सदतीस!
कुठल्या गोऱ्याच्या डोक्यातून निघालं हे?"
मधल्या भोकाचे आटे इंची.
मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे आत जातो
आणि जावयासारखा अडून बसतो.

"आटे पाडतो, दातेही पाडतो," ते म्हणाले,
"पण आधी ओतीव तुकडा आण.
आणि ओतायचं तर लाकडाचा नमुना हवा.
आता सुताराच्या पोरीला हे मी सांगू?"

तर लाकूड तासणारं मशीन चालावं म्हणून
लाकूड तासायला बसले, हाताने.
द्वारकेच्या वखारीतून शिवण आणली,
बोटं जुनी सवय शोधत राहिली,
द्राक्षांच्या पेट्यांचे खिळे मारून
जाड झालेली बोटं.
चार रात्री. तुकड्यांवर ठेवून पाहिलं,
केसाचाही फरक नव्हता.

सातपूरला मुनव्वरचाचांनी तो नमुना
उजेडाकडे धरला, फिरवला, परत दिला.
"तंतोतंत आहे."
मग?
"म्हणून तर चुकलाय.
लोखंड निवताना आक्रसतं, बेटी.
फुटाला एक सूत.
आणि खैरनारला घासायला अंगावर थोडं ठेव.
पॅटर्नवाल्याची पट्टी नाही का घरात?
नेहमीच्या फुटापेक्षा सुताने लांब असते."

मी स्कूटर कुठून कशी आणली, आठवत नाही.

पाचवीत होते. शाळेत पुठ्ठ्याचं घर करायचं होतं.
बापाची पिवळी लाकडी पट्टी घेऊन गेले,
माझी एकही भिंत शेजारणीच्या भिंतीला लागेना.
बाईंनी दोन पट्ट्या शेजारी धरून
सगळ्या वर्गाला दाखवलं.
घरी आले आणि कर्कटकाच्या टोकाने
पट्टीवर कोरलं: खोटी.

त्याने पाहिलं. रागावला नाही.
"खोटी नाही गं. वेगळ्या कामाची आहे."
कुठल्या, हे मी विचारलं नाही.
ओतशाळा तेव्हा बंद पडून दोन वर्षं झालेली.
तो पेट्या ठोकत होता, शेकड्याने,
आणि पेट्यांना कुठलीही पट्टी चालते.

पट्टी पटाशीच्या खोक्यात तळाशी सापडली,
तेलकट फडक्यात गुंडाळलेली.
त्यानेच गुंडाळली असणार. मी नाही.

दुसरा नमुना तिच्यावर केला.
बेढब वाटला, मापाबाहेरचा,
मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखा.
चाचांनी वाळूत दाबला,
उचलला, आणि काही बोलले नाहीत.
भट्टीतून लाल रस खाली उतरला.
"आता जा. रात्रभर निवू दे. सकाळी फोडू."

गेले नाही. बाहेर टपरीवर बसले.
आत, वाळूखाली, ते हळूहळू
आपल्या मापावर येत होतं.

पिशवीत दोन्ही पट्ट्या होत्या.
खोल कोरलेलं ते अक्षर अजून तसंच आहे.
पॉलिश पेपरने निघालं असतं, काढलं नाही.
मोजलं मात्र.
स्टीलच्या पट्टीने दीड इंच भरतं.
बापाच्या पट्टीने
केसभर कमी.